दोन दारांची लाल गाडी आणि माझा एक प्रश्न

सांगू की नको, असं बरेच दिवस चाललंय माझं. पण आता तुम्ही बसलाच आहात आणि चहाही टाकलाय, तर ऐका. एका मोठ्या कंपनीची गाडी खपेनाशी झाली. का खपत नाही ते शोधायला दिल्लीहून साहेब आले. विमानाने आले, हां! आणि एवढं शोधून कारण काय निघालं? मी! बिबवेवाडीची, चौथी पास, शोरूममध्ये चहा करणारी मी!

हसू नका. खरा फजितीचा भाग पुढेच आहे.

तेव्हा हिंजवडीत कंप्युटरच्या कंपन्या नव्या नव्या येत होत्या. पोरांच्या हातात पगार खुळखुळत होते, त्या बाजूच्या गावांत जमिनींना भाव आला होता. जो तो उठायचा आणि गाडी बघायला सातारा रस्त्यावर यायचा. आमच्या शोरूमची काच एवढी मोठी, की पुसून पुसून माझा खांदा उतरला.

मधोमध चौथऱ्यावर ती उभी असायची. लाल, बुटकी, जमिनीला चिकटलेली. दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवायची आणि मांजरासारखं आत शिरायचं. साहेब लोक तिला कूपे म्हणायचे. मी टोमॅटो म्हणायचे. आमच्या ह्यांच्या रिक्षाला एकही दार नव्हतं, तरी तिच्यात शाळेची नऊ पोरं दप्तरांसकट बसायची! पण पहिली दोन वर्षं टोमॅटो बरा खपला. खोटं कशाला बोलू?

मग एका एप्रिलमध्ये आमच्या मॅनेजरने, जोशीसाहेबांनी, मला बोलावलं.

"मावशी, मशीनचा चहा लोक अर्धा टाकून जातात. उद्यापासून तुमचा आल्याचा चहा. आणि नुसता कप आदळून जाऊ नका. गिऱ्हाइकाशी दोन शब्द प्रेमाने बोला."

प्रेमाने! मी! पण हुकूम म्हणजे हुकूम. आता तुम्हीच सांगा, अनोळखी माणसाशी प्रेमाने बोलायचं म्हणजे आपण काय विचारतो? तेच. मी कप ठेवायची आणि विचारायची, "घरी कोण कोण असतं?"

यात काही वावगं आहे का? बसस्टॉपवर विचारतो, दवाखान्यात विचारतो, मयतीला गेलो तरी विचारतो!

आता मधे एक सांगायचं राहिलं. माझी सोनाली बी.कॉम. होऊन त्याच शोरूममध्ये गाड्या विकायला लागली होती. नोकरी अजून कच्ची. दारातून आत शिरलं की ती मला 'मावशी' म्हणायची. "कामाच्या जागी नाती नकोत, आई." नऊ महिने पोटात वाढवलेली पोर सगळ्यांसमोर ओरडायची, "मावशी, दोन चहा!" जोशीसाहेब सोडले तर ती माझी मुलगी आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर, एक नवरा-बायको आले. दोघं हिंजवडीच्या कंपनीत. नवरा टोमॅटोवरून असा हात फिरवत होता की बायकोला राग यावा. सोनालीने सगळं समजावलं, रंग ठरला, आता फक्त सही. मी चहा ठेवला.

"घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच," नवरा म्हणाला.

"आणि सहा महिने आई," बायको म्हणाली.

"अगं बाई! गुडघे बरे आहेत ना त्यांचे?"

"दोन्हींचं ऑपरेशन झालंय."

दोघांनी वळून मागच्या सीटकडे बघितलं. मग एकमेकांकडे. "आम्ही विचार करून सांगतो," नवरा म्हणाला. आमच्या धंद्यात 'विचार करून सांगतो' म्हणजे राम राम. चहा मात्र आवडला म्हणाले.

मग मुळशीकडचे एक पाटील आले. गळ्यात साखळी एवढी जाड की तिने बैल बांधावा. "गाडी एक नंबर हाय! बांधा!" म्हणाले. म्हणजे जणू खव्याचे पेढेच.

मी चहा घेऊन हजर. "घरी कोण कोण असतं?"

"लई मानसं हायती! पर मान आमच्या आक्काचा. गाडी कुठलीबी येऊ द्या, आधी आक्का बसनार."

दुसऱ्या दिवशी आक्काला घेऊन आले. नऊवारी लुगडं, चांगला भरभक्कम देह. पुढची सीट वाकवली. आक्का डोकं घालून आत शिरल्या, वळल्या, बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उतरायची वेळ आली आणि आक्का काही उतरेनात! पाय पुढे येईना, लुगडं सीटच्या कडीत अडकलं, पाटील एक हात ओढतायत, दोन सेल्समन दुसरा. मागची काच उघडेल म्हणाल, तर ती उघडतच नाही! मी पुढच्या सीटवरून आत चहा दिला. आक्कांनी बशीत ओतून निवांत फुरके मारले आणि म्हणाल्या, "आरं, मला ह्यातनं काढू नगा. हितनंच मसनात न्या."

पाऊण तासाने निघाल्या. पाटलांनी जाता जाता पलीकडच्या शोरूममधून उंच, दहा माणसं बसणारी गाडी घेतली. आणि मुळशी भागातून टोमॅटोला पुन्हा गिऱ्हाईक आलं नाही. आक्कांचा तिकडे शब्द चालतो म्हणे.

असं वर्षभर चाललं. आणि मग आले दिल्लीचे साहेब.

काय तो थाट! भिंतीवर पडदा लावला, त्यावर एक रेघ दाखवली. बागेतल्या घसरगुंडीसारखी वरून खाली. म्हणे सगळीकडेच गाडीचा खप थोडा उतरलाय, पण तुमच्या शोरूमइतका कुठेच नाही. बोला, कारण काय?

एक म्हणाला पेट्रोल महागलं. दुसरा म्हणाला मॉडेल जुनं झालं, दिवे जुन्या पद्धतीचे. तिसरा म्हणाला पुण्यातले गतिरोधक, गाडीचं पोट घासतं. सोनाली म्हणाली लोकांना आता उंच गाड्या हव्यात. साहेब लिहून घेत होते, पण मान हलवत होते. "ये सब तो हर शहर में है. लेकिन ये देखिए, अप्रैल. अप्रैल में ऐसा क्या हुआ यहाँ?"

मी कप मांडत होते. गप्प बसायचं ना? पण मी आणि गप्प!

"साहेब, गाडीत काही खोट नाही. गिऱ्हाइकाला घरचे आठवतात, म्हणून जातं."

"कब याद आते हैं?"

"मैं पूछती हूँ तब."

जोशीसाहेबांनी डोळे मिटले. मग बोटांवर मोजल्यासारखं करत पुटपुटले, "एप्रिल... एप्रिलमध्येच आपण मशीन बंद केलं..."

"क्या पूछती हैं आप?" दिल्लीवाले.

"वही, जो सब पूछते हैं. आपके घर में कौन कौन होता है?"

आता हा मी त्यांना नमुना म्हणून सांगितला. पण त्यांना वाटलं खरंच विचारतेय. "मैं, मेरी वाइफ, दो बच्चे, मम्मी, पापा, बुआजी..."

"और आप कौनसी गाडी चलाते?"

साहेबांनी एकदा रेघेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आठ सीटर," म्हणाले, आणि लॅपटॉप मिटला.

ते गेल्यावर आठवड्याने पत्र आलं. ही गाडी बनवणंच बंद होणार. आमच्याकडे चौथऱ्यावर एक उरलेली. जोशीसाहेबांनी सोनालीला माझ्यासमोर सांगितलं, "दसऱ्यापर्यंत ही गाडी बाहेर गेली, तर तू पक्की. नाही गेली, तर तू बाहेर. आणि मावशी, तुमच्या तोंडाला आजपासून कुलूप."

घरी पोरीने माझ्याकडे पाठ करून भाकरी खाल्ली. भांडली असती तर मी चार शब्द सुनावले असते. पण ती एवढंच म्हणाली, "आई, मी लोकांना तासभर समजावते. तू एका कपात सगळं बुडवतेस."

त्या दिवसापासून मी मुकी. कप ठेवायची आणि मागे वळायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई रागावलीय. वाटू दे!

दसऱ्याला आठच दिवस उरले असतील. निखिल नावाचा एक मुलगा आला. हिंजवडीच्या कंपनीतला, उंच, चष्म्याचा. कंपनीच्या बसमधून आयुष्य चाललंय म्हणाला. तीनदा आला. तीनदा टोमॅटोत बसला. तीनदा सोनालीने तेच तेच सांगितलं. तिसऱ्यांदा उठला आणि म्हणाला, "मी विचार करून सांगतो."

गेली नोकरी! पोरीचा चेहरा असा उतरला की माझ्या तोंडाचं कुलूप तुटलं.

"ओ, थांबा! घरी कोण कोण असतं?"

जोशीसाहेब केबिनमधून धावत निघाले. सोनालीने कपाळाला हात लावला.

"इथे? कोणीच नाही," मुलगा म्हणाला. "आईबाबा जळगावला. येतात तेव्हा रेल्वेने येतात."

"आजी? आत्या? गुडघ्याचं कोणी?"

"नाही."

"लग्न?"

"नाही."

"मग विचार कसला करताय डोंबलाचा? ही गाडी देवाने तुमच्यासाठीच बनवलीय! आणि एक फायदा तुम्हाला ही मुलगी सांगणार नाही, तो मी सांगते. उद्या लग्न झालं ना, तरी या गाडीत सासू बसत नाही! चार दारांची घेतलीत की सासू आलीच मागे. हळू चालवा, खिडकी लावा, इथून का वळलात! सासू ही जातच वाईट. या गाडीला दोन दारं आहेत ती सासूच्या बंदोबस्तासाठी!"

मुलगा हसून हसून खाली बसला. आणि बसल्या बसल्या सही केली.

दसऱ्याला मी टोमॅटोला हळदकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. गाडी दारातून बाहेर, सोनाली पक्की. जोशीसाहेबांनी मला पेढा दिला. मी महिनाभर ताठ मानेने फिरले. दिल्लीच्या साहेबांना जमलं नाही ते मी करून दाखवलं की नाही?

त्यानंतर तो निखिल दर शनिवारी गाडी घेऊन यायचा. आज काचेचा आवाज, उद्या ब्रेकचा आवाज. मला काही आवाज ऐकू यायचा नाही. सोनालीला मात्र लगेच यायचा. मी आपली चहा द्यायची आणि सांगायची, "बायको करताना आधी तिची आई बघून घ्या. तोंडाळ असेल तर पळ काढा."

तो म्हणायचा, "हो मावशी."

संक्रांतीच्या सुमाराला सोनाली म्हणाली, "आई, रविवारी माझ्यासाठी एक जण येतोय घरी. आईवडिलांना घेऊन. तू फक्त नीट बोल."

"कोण? कुठला?"

"आल्यावर बघशील."

रविवारी मी जरीची साडी नेसून पोहे परतत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंच गतिरोधक आहे. तिथून आवाज आला, घर्रर्र! कोणाचं तरी पोट घासलं. असं पोट घासणारी गाडी पुण्यात मला एकच ठाऊक होती. माझ्या हातातला झारा खाली पडला.

दार उघडलं तर पुढे निखिल, मागे त्याचे वडील. आणि पाच मिनिटांनी, धापा टाकत, मागून रिक्षाने त्याची आई.

निखिल माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी! तुम्ही इथेपण कामाला येता?"

"आई आहे ती माझी," सोनाली आतून म्हणाली.

काय सांगू! धरणीने दोन दारं उघडली असती तरी मी मागच्या सीटवर जाऊन बसले असते. माझा एकेक शब्द त्या मुलाच्या चेहऱ्यावर मला परत वाचता येत होता. सासू ही जातच वाईट... तोंडाळ असेल तर पळ काढा... तो पळाला नाही, एवढं खरं. खाली मान घालून, खांदे हलवत, पोहे खात राहिला.

त्याच्या आईने बशी हातात घेतली आणि प्रेमाने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. जन्मात पहिल्यांदा!

लग्न झालं. जावई सोन्यासारखा आहे, तक्रार नाही. पण मोठा डांबिस. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी म्हणाला, "आई, चला, खडकवासल्याला कणीस खायला."

"मी येते ह्यांच्या रिक्षातून."

"छे छे, असं कसं?" सीट वाकवून, दार धरून उभाच राहिला. शेजारीपाजारी बघतायत. नाही म्हणायची सोय नाही. घातलं डोकं आत.

गुडघे हनुवटीला, डोकं छताला. धरणावर पोहोचलो. ते दोघं उतरले, सीट वाकवली, मी पाय पुढे काढला. पाय येईना. पदर सीटच्या कडीत अडकला. सोनालीने एक हात ओढला, निखिलने दुसरा. कणीसवाल्या बाईने निखारे सोडून मागून ढकलायचं म्हटलं, पण मागे दारच नाही! चौपाटीवरची निम्मी माणसं गोळा झाली. मला मुळशीच्या आक्का आठवल्या आणि त्यांचं 'मसनात न्या'ही पटलं.

शेवटी जावयाने कणीस आत दिलं. पुढच्या सीटवरून. तिखट-मीठ लावून. आणि गंभीर चेहरा करून म्हणाला,

"आई, तुम्ही मला खोटं सांगून गाडी विकलीत. या गाडीत सासू बसते. फक्त उतरत नाही."