पेन्सिलीच्या खुणा

“यू जस्ट मूव्ह युअर लिप्स, डार्लिंग.”

चाळीस जणांसमोर आमच्या क्वायरची कंडक्टर बाई मला म्हणाली. ब्रिस्टलमधला चर्चचा हॉल, मंगळवारची तालीम, इटालियन गाणं. ‘लाक्रिमे’ म्हणजे अश्रू. जोर ‘ला’वर हवा होता, मी ‘क्रि’वर दिला. तिने मला एकटीला उभं करून तो शब्द पाच वेळा म्हणायला लावला. लोक हसले. मीही हसले. जुनी सवय. आपणच आधी हसायचं.

आवाज माझा कुकरच्या शिट्टीच्या नात्यातला, मान्य. पण हट्टी मी पहिल्यापासून. इटालियन लोक जोराची खूण करतात ती शब्दाच्या शेवटी जोर असेल तरच. बाकीचं तुम्हाला ठाऊक असावं लागतं. मला नव्हतं. महिनाभर डिक्शनरी घेऊन बसले. वीस पानं, प्रत्येक शब्दावर बारीक खूण. गाण्याच्या प्रती लायब्ररीच्या, म्हणून पेन्सिलने.

ती प्रत बाईने बघायला म्हणून घेतली आणि आपल्या स्टँडवर ठेवली. माझ्या खुणा वाचून ती चाळीस जणांना शिकवायची. मी तिसऱ्या रांगेत. ओठ हलवत.

लेक म्हणाली, “आई, लीव्ह इट ना. ती बाई तसाच आहे.”

लिंग चुकलं. मी तिला पाच वेळा म्हणायला लावलं नाही.

कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तालमीला बाईला विचारलं, आता गाऊ का? सगळे जोर पाठ आहेत.

“नॉट धिस टाइम. बट डू वेअर द साडी.”

साडी हवी होती. फोटोसाठी.

मी पुढे गेले. स्टँडवरची माझी प्रत उचलली. पर्समधून खोडरबर काढला. असतो माझ्याकडे, हसा खुशाल.

“व्हॉट आर यू डूइंग?”

“युअर रूल. प्रत परत करताना पेन्सिल खोडायची. आय अ‍ॅम रिटर्निंग इट.”

वीस पानं खोडली. सावकाश. कोणी हसलं नाही. रबराचा चुरा तिच्या बुटांवर पडत होता, तो मी झटकला नाही.

परवा तिचा ईमेल आला. पुन्हा इटालियन आहे म्हणे. ‘वुई मिस यू.’ मला कुठलं, खुणांना.

मी एवढंच लिहिलं: पहिली रांग, पूर्ण आवाज. नाहीतर अंदाजाने गा.