दादाचा वाकडा दात

माझा दादा दिवसा लोकांचे दात बनवतो आणि सुट्टीच्या दिवशी ट्रंपेट वाजवतो. यातल्या कशावर पोट चालतं आणि कशावर जीव, हे त्याला विचारू नये. तो तासभर बोलत बसतो. दातांच्या लॅबमध्ये त्याला बावीस वर्षं झाली. वाजवणं म्हणजे वरचे चार पैसे: लग्नं, शाळेची संमेलनं, दुकानांची उद्घाटनं. एका चपलांच्या दुकानात तो चार तास उभ्याने वाजवत होता, आणि मालकाने पैशांऐवजी नवे बूट हातावर ठेवले. घरी येऊन बघतो तर दोन्ही डाव्या पायाचे.

पण बोलावण्यांचा काही नेम नव्हता. कधी महिन्यात चार, तर कधी दोन-दोन महिने फोन मुका. मी याच घरात राहते, औषधांच्या दुकानात काम करते, माझा पगारही घरातच जातो, तरी महिनाअखेरीला ओढाताण ठरलेली. म्हणून वहिनी सकाळी कारखान्यात शिलाई करायची आणि संध्याकाळी एका ऑफिसात साफसफाईला जायची. ती परत येईपर्यंत त्यांची मुलगी, जी आता नऊ वर्षांची आहे, झोपलेली असायची. अशी आठ वर्षं गेली. मी ते ऑफिस कधी पाहिलंही नव्हतं, पण त्यातल्या एकेका टेबलाचा मला मनापासून राग यायचा.

आणि एक दिवस बागेतल्या हॉटेलातून निरोप आला. तिथे दर रविवारी चार ते सहा बँड वाजतो. त्यांचा ट्रंपेटवाला गाव सोडून मुलाकडे राहायला गेला होता. बँडच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणतात. कप्तान फोनवर म्हणाला, "महिन्याच्या शेवटच्या रविवारी येऊन वाजवा. जमलं तर जागा तुमची. दर रविवार, ठरलेले पैसे."

वहिनीने आकडा ऐकला आणि हातातला कपडा खाली ठेवला. "म्हणजे माझं ऑफिस सुटतं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मी तिचा चेहरा बघितला होता.

त्याच आठवड्यात एका लग्नात दादा वाजवत असताना नवऱ्या मुलाचे मामा डोळे मिटून नाचत होते. मामांचं कोपर ट्रंपेटवर बसलं, ट्रंपेट दादाच्या तोंडावर बसलं, आणि समोरचा दात अर्धा होऊन गवतात पडला. मामा म्हणाले, "लागलं नाही ना?" आणि पुन्हा नाचायला लागले.

दादा मात्र खचला नाही. उलट खूश. दुखऱ्या जबड्याने म्हणतो कसा, "स्वतःच्या तोंडातलं काम मिळायला नशीब लागतं!" तो पडलेला दात पहिल्यापासून वाकडा होता, शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला. दुसऱ्यांना मोत्यासारखे दात देणाऱ्या माणसाच्या तोंडात असला दात, हे त्याला आयुष्यभर सलत होतं. डॉक्टरांनी उरलेला तुकडा घासून दिला. दादाने चार दिवस खपून त्यावर बसणारी कॅप बनवली: सरळ, गुळगुळीत, रंगाला रंग जुळलेला. डॉक्टरांनी ती सध्यापुरती कच्च्या सिमेंटवर बसवली. दादा दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. कौतुकाने येताजाता आरशात बघायचा.

मग त्याने ट्रंपेट तोंडाला लावलं.

फुस्स. नुसती हवा. खालचे सूर कसेबसे निघाले, वरचा एकही लागेना. तो तोंड वाकडं करून बघे, ओठ दाबून बघे, घाम पुसून पुन्हा बघे. मुलगी म्हणाली, "बाबा, कुकरची शिट्टी बरी वाजते." आठवडाभर हेच. शेवटी त्याने ट्रंपेट पेटीत ठेवलं आणि म्हणाला, "वय झालं माझं. कप्तानला नाही म्हणून कळवतो."  वहिनी डबा भरून ऑफिसला गेली. त्या दिवशी मला दादाचाही राग आला आणि दयाही आली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने हे रडगाणं लॅबच्या मालकीणबाईंपुढे गायलं. त्या लॅबचा एक रिवाज आहे. नव्या माणसाने पहिला साचा स्वतःच्याच तोंडाचा घ्यायचा. तो मऊ गोळा तोंडात धरून बसायला कसं वाटतं, ते कळल्याशिवाय त्याने दुसऱ्याच्या दाताला हात लावायचा नाही. त्या साच्यांतून ओतलेले सगळे प्लास्टरचे जबडे बाईंनी तारखा घालून जपलेत. बाई स्टुलावर चढल्या, वरच्या फळीवरून दादाचा बावीस वर्षांपूर्वीचा जबडा काढला आणि त्याच्या ताटाशेजारी आपटला.

"हा दात तुझा. तोंडात घालून फिरतोस तो जाहिरातीतला," बाई म्हणाल्या. "इथली फट बघ, नव्या दाताने ती बुजवलीस. इतकी वर्षं तुझी हवा कुठून जात होती? दात करायला बसलास आणि माणूस विसरलास!"

दादाने कपाळावर हात मारून घेतला. मग वाकडा दात करायला बसला, आणि ते काही जमेना. हाताला सरळ करायची इतकी सवय की डोळा चुकला की दात सुंदर व्हायचा. दोन फुकट गेले. तिसऱ्याला बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि तो चुकला की मनगटावर चापट मारायच्या: "थांब! पुन्हा सरळ करायला लागलास!"

शनिवारी दुपारी डॉक्टरांनी नवा वाकडा दात बसवला. दादा घरी आला आणि चपला न काढताच वाजवायला लागला. सूर असा खणखणीत चढला की समोरच्या बाल्कनीतल्या शेजारणीने कपडे वाळत घालणं थांबवलं. वहिनी त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता कसे ओळखीचे दिसताय!"

रविवारी बागेतल्या हॉटेलात आम्ही तिघी अगदी शेवटच्या टेबलाशी बसलो, एक चहा तिघींत घेऊन. कप्तानने मुद्दामच चढ्या सुरांची धून काढली. वहिनीने माझा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली. दादा उभा राहिला, डोळे मिटले आणि वर गेला. न अडखळता, न फाटता, वर आणि अजून वर. वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी थांबला. 

 कप्तानने दादाला सहापर्यंत खाली बसूच दिलं नाही. सगळं आवरल्यावर म्हणाला, "पुढच्या रविवारी पांढरा शर्ट घालून या."

वहिनीने मागूनच विचारलं, "पूर्ण बाह्यांचा की अर्ध्या?" आणि उत्तर यायच्या आत तिला रडू फुटलं. मग मलाही. मुलगी बिचारी आमच्या दोघींकडे बघत उरलेला चहा पिऊन मोकळी झाली.

वहिनीने ऑफिसला कळवलं. काम सुटल्यावरच्या पहिल्या संध्याकाळी सहा वाजता ती घरात होती आणि तिला काय करावं तेच कळेना. भांडी घासलेली, कपडे घडी केलेले. शेवटी ती खिडकीपाशी खुर्ची ओढून, पाय वर घेऊन बसली. तेवढ्यात मुलगी खेळून धापा टाकत आली, आईला बघून दारातच थबकली, आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, तुला बरं नाही का?"

वहिनीने तिला जवळ ओढलं, तिच्या घामेजल्या केसांत नाक खुपसलं आणि म्हणाली, "बरी आहे गं. आता रोज अशीच बरी असणार आहे."