हमीदला न दाखवलेला कागद

हमीद गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, शबानानं केला, तेव्हा मी दिग्रसच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला गोठ्यासाठी पत्रे दाखवत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मी शटर ओढून घेतलं. त्याला आता दोन महिने होत आले. मित्राबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून रोज बसतो, आणि हात अडतो...

आम्ही शाळेत एका बाकावरचे. पुढं मी वडिलांच्या दुकानात सिमेंटचे पत्रे विकू लागलो, हमीद ते बसवू लागला. दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत किती गोठे, किती शेड, किती घरं त्यानं झाकली असतील. तो पत्रा कापायला बसला की पांढरी भुकटी उडायची. भुवया, मिशा, सगळं पांढरं. "पाहा, तुयाआधी म्हातारा झालो मी," असं म्हणून हसायचा, आणि मीही हसायचो.

एकदा मालाबरोबर एक छापील कागद आला. यात अ‍ॅसबेस्टॉस आहे, पत्रा ओला करूनच कापा, नाक-तोंड नीट झाका, भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. मी तो दोनदा वाचला. समोर हमीद चहा पीत होता.

"काय लिहून हाय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. जाहिरात आहे."

आणि कागद घडी करून खिशात घातला. गिऱ्हाइकं बिथरतील, हमीद काम सोडेल, एवढ्याच भीतीपोटी. त्यानंतर वीस वर्षं तो माझ्या डोळ्यांदेखत तसाच कोरडा पत्रा कापत राहिला.

गेल्या वर्षी त्याला चार पायऱ्या चढवेनात. नागपूरला नेलं, तेव्हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग निघाला. कामाचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "या भुकटीचे तंतू आत जाऊन बसतात. त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

हमीदनं माझ्याकडे बोट केलं. "हे पत्र्याचे दुकानदार हायत साहेब. यायलेच माहीत नव्हतं, तं मले कोण सांगन?"

 कागदाबद्दल मी तेव्हाही बोललो नाही.

चाळिसावा झाल्यावर मात्र राहवेना. त्याच्या घरी गेलो आणि नसीमभाभींना कागदाचं सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "त्यायचे कपडे मी रोज आंगणात झटकून धुवत होती. मंग मले बी होईन काय, शरदभाऊ?"

'काही नाही' हे शब्द पुन्हा ओठांवर आले होते. ते गिळून मी म्हणालो, "होऊ शकते, भाभी. आपण तपासून घेऊ."

त्या उठल्या आणि दाराआडच्या खुंटीपाशी गेल्या. तिथं हमीदचा कामाचा सदरा होता, कामाच्या शेवटच्या दिवशी काढून ठेवलेला, अजून न धुतलेला. "याले त्यायचा वास हाय," असं म्हणत त्या तो तोंडाजवळ नेऊ लागल्या... आणि मला त्यांचा हात धरावा लागला.