वायरींवरच्या चिठ्ठ्या

बाबा गेल्यावर त्यांचा कॉम्प्युटर आईने झाकूनच ठेवला होता. परवा लावून पाहिला तर सुरूच होईना. पॉवर सप्लाय गेला होता. दुकानदाराला जुन्यावरचे वॅट सांगून तेवढ्याच ताकदीचा नवा आणला आणि मी स्वतःच कॅबिनेट उघडलं.

आत धुळीखाली प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवलेली होती. बाबांचं टपोरं अक्षर. 'हार्ड डिस्क', 'मदरबोर्ड', आणि एकीवर 'हळू ओढावी'. निवृत्तीनंतर त्यांनी एकदा पॉवर सप्लाय घरीच बदलला होता. तेव्हा मी फोनवर चिडले होते, "बाबा, कशाला हात घालता? माणूस बोलवा ना." मला तो त्यांचा हट्ट वाटला होता.

आई शेजारी टॉर्च धरून उभी होती. चिठ्ठ्या बघत ती म्हणाली, "सगळं लिहून ठेवलं म्हणजे पुन्हा तुला विचारायला नको, म्हणायचे. तू कामात असायचीस."

मी नव्या वायरी जोडायला घेतल्या.

"ही कशाची गं?" आईने विचारलं.

मी हातातलं काम थांबवलं आणि तिला नीट समजावून सांगितलं. मग तिने पुढची विचारली.