तीन की आठ

रस्त्यात जुनी मोटार दिसली की लोक तिचे दिवे बघत, रबरी भोंगा दाबून बघत. आमचे कल्हईवाले चाचा मात्र आधी मालकाची परवानगी घेत, बॉनेट उघडायला लावत आणि आत मान घालून पत्र्यावर नखाने टिचक्या मारत. पत्रा बोलतो वेगळा आणि पितळ बोलते वेगळी, असं त्यांचं म्हणणं. टिचकीचा आवाज बदलला की त्यांचा चेहरा उजळे. "हाय! इथं हाय पाटी!"

पाटी म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीने इंजिनामागच्या पत्र्याला ठोकलेली पितळेची छोटी पट्टी. तिच्यावर कंपनीचं नाव, गाव आणि त्या गाडीचा नंबर. चाचांना इंग्रजी आकडे तेवढे कळत, अक्षर एकही येत नव्हतं. म्हणून तर आमची ओळख झाली. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी धामणगाव बढ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नवाच आलो होतो. एका दुपारी भाता खांद्याला लावून चाचा शाळेच्या ओट्याशी आले आणि वहीचा कागद माझ्यापुढे धरला. पाटीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली होती, अक्षरं पांढरी उठली होती. "मास्तर, हे काय लिहेल हाय, सांगता का? वरवट बकालच्या एका गोठ्यात गाडी हाय. वरून कडब्याच्या पेंढ्या रचेल हायत."

मी वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, "हे गाव समुद्राच्या काठी हाय का?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नकाशा पाहून ठेवला, कारण हा माणूस पुन्हा विचारणार हे कळलं होतं.

त्यांना हा नाद लागला तो भांड्यांमुळे. घरोघरच्या घंगाळांवर, तांब्यांवर देणाऱ्याची नावं कोरलेली असत. कल्हईआधी भांडं घासताना बाकीचे कारागीर ती नावं पार झिजवून टाकत. चाचा नावाभोवती बोट फिरवत आणि तेवढी जागा हलक्या हाताने घासत. कुणी विचारलं तर म्हणत, "बाईच्या माहेरचं नाव हाय ते. मी कोन पुसनारा?" कल्हईसाठी गावोगाव अंगणात बसायचे, त्यामुळे कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या जिनिंगच्या छपराखाली कोणती गाडी पडली आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसे.

पाटी साफ करायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. रंगाचे थर चढलेले असत. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात चिंधी भिजवून ते तासभर वर ठेवत, मग बांबूच्या काडीने मऊ झालेला रंग काढत. लोखंड लावायचं नाही, रेतीकागद तर नाहीच. शेवटी जवसाच्या तेलाचं बोट. ज्यांच्या हातची पातेली आरशासारखी चमकत, तेच इथे सांगत, "चमकवू नका हो. चमक आली का अक्षर जाते." आणि पाटी ते कधी जागेवरून काढत नसत. कुणी हौसेने मागितली तर म्हणत, "गाडीची हाय. तुमच्या भितीवर लावून काय करता?"

या नादापायी एकदा मात्र त्यांच्या पोटावर आलं. गावातले मोठे शेतकरी बापूसाहेब यांची वडिलांच्या वेळची मोटार होती. राज्य बदलल्यावर सरकारी कचेरीत गाड्यांचे जुने कागद तपासायचे होते आणि बापूसाहेबांचे मूळ कागद वाळवीने खाल्लेले. वडिलांच्या मुनीमजीने लिहिलेलं एक टिपण तेवढं उरलं होतं. त्यातला नंबर पाटीशी जुळला की काम होणार होतं. चाचांना बोलावलं, मीही गेलो. थरामागून थर निघाले. बापूसाहेबांच्या लग्नात दिलेला हिरवा, त्याखाली काळा, अगदी तळाशी गडद निळा. मग पाटी दिसली. टिपणात शेवटचा आकडा आठ होता. पाटीवर तीन, इंग्रजीतला.

"तीन कसा? झिजलेला आठ असेल," बापूसाहेब म्हणाले.

चाचांनी डोळे मिटून आकड्यावरून अंगठा फिरवला. "नाही बापूसाहेब. तीनच हाय. डाव्या बाजूले काहीच नाही."

"मग एक टोचा मार बारीकसा. आठ होऊन जाईल. कागद जुळले म्हणजे झालं."

"ते मले जमनार नाही."

"काऊन? गाडी माझी आहे ना?"

"गाडी तुमची हाय. नंबर तिचा हाय."

बापूसाहेबांनी त्यांना तिथून जायला सांगितलं. त्या वर्षी त्यांच्या घरची भांडी दुसऱ्या कल्हईवाल्याकडे गेली आणि त्यांच्या मर्जीतली आणखी चार घरंही तुटली. चाचा कुरकुरले नाहीत. दूरच्या गावांना जाऊ लागले, दोन दोन दिवस घरी येत नसत. मला मात्र राहवेना. बापूसाहेबांना मी म्हटलं, "पाटीवर गाव लिहिलं आहे. कंपनीलाच विचारू." ते नुसतेच "हूं" म्हणाले. मी पत्र पाठवलं.

उत्तर यायला चार महिने लागले. शेवटचा आकडा तीन असलेली गाडी मुंबईला पाठवल्याची नोंद त्यांच्याकडे होती. रंग, गडद निळा. ते पत्र जोडल्यावर कागद मंजूर झाले. बापूसाहेब पत्र आणि मला बरोबर घेऊन स्वतः चाचांच्या दारी गेले. "चाचा, तुमचा तीन बरोबर निघाला."

"माहा काहाचा, बापूसाहेब? गाडीचाच व्हता," चाचा म्हणाले, आणि पत्रातला निळ्या रंगाचा उल्लेख मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला.

पुढे घरोघर स्टीलची भांडी आली आणि भाता कोपऱ्यात पडला. माझी बदली झाली. काही वर्षांनी बापूसाहेबांनी कळवलं, मुंबईचा एक हौशी गृहस्थ माझी गाडी विकत घेऊन जातो आहे, या. मी पोचलो तेव्हा चाचा वारून महिना झाला होता. त्या गृहस्थाने बॉनेट उघडलं आणि तो थबकला. "सगळीकडे घासून गुळगुळीत केलेल्या पाट्या बघतो मी. ही कुणी जपली?"

बापूसाहेब गाडीत बसले आणि त्यांनी ती चाचांच्या घरापुढे न्यायला लावली. चाची बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी अशी पाटी पाहिली नव्हती. बापूसाहेबांनी उतरून बॉनेट उघडलं, इंजिन सुरूच होतं. त्या वाकल्या. "काय लिहेल हाय इथं, मास्तर?"

मी वाचलं. कंपनीचं नाव, गाव, नंबर.

"बस? एवढंच?" चाची हसल्या. "याच्यापायी मानूस भाकर थंडी करत व्हता माहा!" हसता हसता त्यांनी ओढणी तोंडाला लावली आणि बराच वेळ काढली नाही.

मुंबईच्या गृहस्थाला अंधार पडायच्या आत मलकापूर गाठायचं होतं. तरी त्याने हात लांबवून इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरून उभा राहिला.