फाट्यापर्यंतचा रस्ता

आमचं गाव मुखेड तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. फाट्यावर एसटीतून उतरलं की पुढं काळ्या रानातून गाडीवाट होती. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल. मध्ये एक नाला लागायचा आणि नाल्याकडं जाणारा उतार असा तिरपा, की उतरताना बायका एकमेकींचे दंड धरायच्या. या वाटेवर माझा थोरला भाऊ, अण्णा, जीप चालवायचा. गावात दुसरी गाडीच नव्हती. सोयाबीनची पोती, परीक्षेला निघालेली पोरं, आजारी माणसं, सासरी निघालेल्या लेकी, सगळं अण्णाच्या जीपमधून फाट्यावर पोचायचं.

मी नांदेडला कॉलेजात होते, सुट्टीला गावी आले होते. वैनीचे दिवस भरत आले होते. श्रावणातल्या एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. गावातल्या सुईणीनं पोट चाचपलं आणि ती अण्णाला म्हणाली, "मूल आडवं हाय. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. दवाखान्यात न्या." अण्णाच्या पाच वर्षांच्या लेकीला, माझ्या भाचीला, शेजारी ठेवलं. जीपमध्ये मागं आई आणि मी, आमच्या मांडीवर वैनी.

रात्रभर पाऊस झाला होता. उतारावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. अण्णानं बाभळीच्या फांद्या टाकल्या, दगड टाकले, स्वतःचं घोंगडं चाकाखाली घातलं. जीप आणखीच रुतली. मग तो चिखलातून गावाकडं बैलं आणायला पळाला.

वैनी ओरडत नव्हती. माझा हात धरून मध्ये मध्ये विचारायची, "फाटा आला का?" मी म्हणायचे, "आला, आलाच." आई तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. पुढं तिचं विचारणं थांबलं. वाटेवर बैलं दिसली तेव्हा आईनं हात वर केला आणि अण्णाला लांबूनच थांबवलं. पोटातलं मूलही गेलं.

लोक म्हणाले, ती जीप विकून टाक, अपशकुनी आहे. अण्णानं विकली नाही. "मी न्हाई नेलं तर लोकांनी जावं कशात?" एवढंच म्हणाला. दुसरं लग्नही केलं नाही. आईनं भाचीला वाढवलं. तो रोज त्याच वाटेनं ये-जा करायचा, आणि उतार आला की बोलता बोलता गप्प व्हायचा. जीपमधले लोकही गप्प व्हायचे.

रस्त्यासाठी त्यानं किती जणांचे उंबरे झिजवले ते मी पाहिलं आहे. मी लातूरला सासरी गेले, तरी माहेरी आले की पहिला विषय तोच. एकदा मी परत निघाले होते, त्या दिवशी निवडणुकीतले एक उमेदवार गावात आले होते. त्यांची मोटार या वाटेवर चालण्यासारखी नव्हती म्हणून ते फाट्यापासून अण्णाच्याच जीपमधून आले होते. परत जाताना ते पुढं बसले, मी मागं. उताराच्या मध्यावर अण्णानं इंजिन बंद केलं.

"काय झालं? बिघडली का?"

"न्हाई साहेब. जरा खाली उतरा."

ते उतरले. पांढऱ्या कपड्यांत, भर उन्हात.

"इथं माझी बायको गेली," अण्णा म्हणाला. "गाडी माझीच होती आन् चालवत बी मीच होतो. मला काम येतं, साहेब. पण वाटच न्हाई तर मी काय करू?"

 ते अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून परत जीपमध्ये बसले. त्यामुळं रस्ता झाला असं मी म्हणणार नाही. ते निवडून आले की नाही हेही मला आठवत नाही. पण पुढं कधीतरी मंजुरी आली, आणि एका हिवाळ्यात खडीचे ढीग पडले.

काम चाललं तेवढे दिवस अण्णा तिथंच असायचा. मजुरांना पाणी न्यायचा, मुकादमाच्या मागं लागायचा, "पूल उंच घ्या, आमच्या नाल्याचं पाणी तुम्ही बघितलं न्हाई." उतारावर भराव टाकला. पूल झाला. डांबर पडलं.

पहिली बस आली त्या दिवशी मीही गावात होते. बाया-माणसांनी बसला हार घातला, नारळ फोडला, ड्रायव्हर-कंडक्टरला टोपी-उपरणं दिलं. फाट्यापर्यंत सगळ्यांनी हौसेनं फेरी मारायची ठरली. अण्णा माझ्या शेजारी बसला होता, कितीतरी वर्षांनी मोकळं हसत होता. आम्ही भाचीच्या शिक्षणाचं काहीतरी बोलत होतो, आणि बस थांबली.

"काय गं, का थांबली?"

"अण्णा, फाटा आला."

तो उतरला आणि मागं बघत राहिला. "नाला कवा गेला?"

"गेला की मघाशी. आपण बोलत होतो तवा."

त्याचा चेहरा उतरला. बराच वेळ तो त्या काळ्या कुळकुळीत डांबराकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "एवढंच होतं?"

गावाचं भलं झालं, हे खोटं नाही. दुधाचा पिकप दारात यायला लागला, तशा घरोघरी म्हशी वाढल्या. भाजी सकाळी तोडून दुपारी नांदेडच्या बाजारात जाऊ लागली. सोयाबीनला व्यापारी बांधावर आले. पोरी मुखेडच्या कॉलेजात जायला लागल्या. दिवस भरलेल्या बाया वेळेवर दवाखान्यात पोचल्या.

अण्णाची जीप मात्र रिकामी राहायला लागली. घरोघरी मोटारसायकली आल्या. तो गावातल्या म्हाताऱ्यांना हाक मारायचा, "मावशी, बसा की." मावशी लाजून म्हणायची, "आरं बाबा, बाईमाणसाला बशीत अर्धं तिकीट हाय न्हवं." तोही हसायचा. शेवटी त्यानं जीप भंगारात घातली आणि नांदेडला जाऊन ऑटो चालवायला लागला. लोकांना वाटलं, धंदा गेला म्हणून गाव सोडलं. मलाही तसंच वाटत होतं.

एकदा मी त्याच्या खोलीवर जेवायला थांबले होते. ताटात हात तसाच ठेवून तो म्हणाला, "मला वाटलं हुतं, रस्ता झाला की जरा हलकं वाटंल. उलटंच झालं बघ. आधी वाटायचं, दवाखाना लई लांब हाय, माणूस काय करणार? आता त्या पुलावरून गेलं की कळतं, किती जवळ हुतं. लई जवळ हुतं गं."

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

आई आता नाही. भाचीनं लग्नानंतरही गाव सोडलं नाही, जावईच गावात राहायला आले. ती दूध संकलन केंद्र चालवते. सकाळी तिच्या दारात बायकांची रांग लागते आणि ती प्रत्येकीशी भांडत, हसत दूध मोजून घेते. मागच्या दिवाळीत तिनं मला बाजूला घेतलं. "आत्या, मी स्वतःचा पिकप घेतेय. त्याला ड्रायव्हर पायजे. अण्णांना सांग ना. घरचं काम हाय, म्हातारपणी कशाला परक्या गावात ऑटो ओढायचा? माझं ऐकत न्हाईत, तुझं ऐकतील."

मी लातूरला परतण्याआधी नांदेडला गेले. स्टेशनसमोर तो ऑटोत बसला होता. केस सगळे पांढरे झालेत. मी निरोप सांगितला. त्यानं तो पूर्ण ऐकून घेतला, पिकप कोणता घेतेय, नवीन की जुना, ते विचारलं. गाडीचं विचारताना त्याच्या डोळ्यांत चमक आली होती, म्हणून मला आशा वाटली.

"मग येतो म्हणून सांगू?"

"गाडी रोज त्या पुलावरनंच न्यायची न्हवं?" त्यानं विचारलं आणि मी मान हलवली.

"तिला म्हणावं, दुसरा बघ कुणी," तो म्हणाला. "चांगला बघ म्हणावं. दारू पिणारा नको."

मग त्यानं माझी पिशवी उचलून ऑटोत ठेवली आणि मला बसस्टँडवर सोडलं.