जास्तीचा एक हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नसे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी चिखलीत जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर होतो. संध्याकाळी क्लबात ब्रिज. शिकवलं ते डॉक्टरांनी. गावातले एकमेव, जुने डॉक्टर, वडिलांच्या वयाचे. एकदा घरी परतताना ते म्हणाले, "नावं विसरून राह्यलो रे मी. पत्ते ध्यानात राह्यतात तोवरच दवाखाना. पत्त्यात चुकलो, की बंद. मले कोणाचा जीव नाही घ्यायचा."

हे मला माहीत होतं. लक्षात घ्या — माहीत होतं.

मग जोड्यांची स्पर्धा आली. त्यात तेच वाटलेले पत्ते टेबलाटेबलावर फिरतात, म्हणून बोललेले हात करून भागत नाही. इतरांपेक्षा एक जास्तीचा केला तर खरी कमाई. त्या एका हातासाठी मी हपापलेला असे. खेळलेला पत्ता जो तो आपल्यापुढेच पालथा ठेवतो: हात जिंकला तर उभा, गेला तर आडवा. शेवटी मोजायचं.

त्या डावात डॉक्टर माझ्या विरुद्ध होते. बोललो होतो नऊ, झाले नऊ. सगळ्यांचेच नऊ होत असणार! माझा जोडीदार पत्ते मांडून पान खायला गेलेला. त्याचे पत्तेही मीच लावत होतो. डॉक्टरांच्या नवख्या भिडूनं आपले पत्ते गोळा करून टाकलेले. डॉक्टर चष्मा पुसत होते. मी दोन पत्ते आडव्याचे उभे फिरवले — एक माझा, एक जोडीदाराचा. किती सोपं होतं ते!

"नऊच ना रे तुये?" डॉक्टर म्हणाले.

"दहा, डॉक्टरसाहेब. एक हात तुमच्या ध्यानातून गेला."

असं बोलायची काय गरज होती? नुसतं 'दहा' म्हटलं असतं तर ते भांडले असते, पत्ते उलटून बघितले असते. मी नेमकं तिथंच बोट ठेवलं. त्यांनी भिडूकडे पाहिलं. त्याला काही सांगता येईना. डॉक्टर आपल्या पत्त्यांकडे बघत राहिले. मग हळूच एक पत्ता आडवा केला.

आम्ही पहिले आलो.

आठवड्याभरात दवाखान्याला कुलूप लागलं. नवा डॉक्टर यायला फार वेळ गेला; तोवर लोक बैलगाडीत घालून आजारी माणसं जिल्ह्याच्या गावी नेत. सगळीच पोचली नाहीत. आमच्या फॅक्टरीतल्या हमालाची बायको बाळंतपणात वाटेतच गेली. मी त्याला रजा दिली.

एकदा डॉक्टरांनी मला मुद्दाम घरी बोलावलं. म्हणाले, "दुसऱ्या कोणी म्हाताऱ्याचं मन राखलं असतं. तुनं खरं सांगितलं. लय उपकार झाले तुये."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तो हात त्यांचाच होता. मी खाली वाकलो, त्यांच्या पाया पडलो, आणि बायकोनं दिलेला लाडवांचा डबा त्यांच्या हातात दिला.